तत्त्वज्ञानाच्या पीएच.डी.ला माझा नंबर लागेल का?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

मॅडम, मी मूळची सांगली जिल्ह्यातली. बी.ए. मराठी माध्यमातून झालं, मग पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. ६७ टक्के मिळाले. न्यायदर्शनातल्या शब्दप्रमाणावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणाऱ्या ज्ञानावर, ८० पानांची प्रबंधिका लिहिली. नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) निघाली, जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारं संशोधनाचं विद्यावेतन) थोडक्यात हुकलं. या डिसेंबरात अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करायचं ठरवलं आहे. क्रमवारीतली पहिली दहा विद्यापीठं घेतली आहेत. प्रबंधिकेचं दुसरं प्रकरण लेखननमुना म्हणून पाठवणार आहे, ते सोबत जोडलंय. एका कन्सल्टंटने सांगितलं की ६०-७० टक्के चान्स आहे. आमचे एक सर म्हणाले, ‘तिकडे आपल्याकडच्यांना कोण घेतंय!’ बाबा दीड वर्षात निवृत्त होतील. त्यांच्याकडे एवढे पैसे मागायचे तर मला एक आकडा हवा आहे. माझे चान्स नक्की किती? वय २४.

प्रिय मैत्रिणी,

दोघांचंही बाजूला ठेव. कन्सल्टंटचा आकडा हवेतला आहे. त्याने तुझा लेखननमुना वाचलेला नाही, आणि तो वाचल्याशिवाय तुझ्याबद्दल काहीच सांगता येत नाही. सरांचं बोलणं निराशेतून आलेलं दिसतं. भारतात एम.ए. करून अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञानाच्या पीएच.डी.ला गेलेली मुलंमुली आहेत. संख्या मोठी नाही, पण दार बंदही नाही.

मी काही वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवत होते आणि तिथल्या प्रवेश समितीत बसून अर्ज वाचले आहेत. त्या आधारावर, आणि तुझं प्रकरण दोनदा वाचून, हे लिहिते आहे.

आधी आकड्याचं बघू, कारण तू तो मागितला आहेस. अमेरिकेतल्या नावाजलेल्या तत्त्वज्ञान विभागाकडे एका वर्षी २०० ते ३०० अर्ज येतात आणि त्यातून पाच ते आठ जण रुजू होतात. प्रवेशपत्रं त्याहून थोडी जास्त जातात, कारण काही जण दुसरीकडे जातात. आपण प्रत्येक ठिकाणी ३ टक्के धरू. दहा ठिकाणी अर्ज केला आणि दहाही निकालांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं मानलं, तर निदान एका ठिकाणी नंबर लागण्याची शक्यता २६ टक्के येते. पुष्कळ मुलं मनात हेच गणित करतात आणि यादी दहाची पंधरा, पंधराची वीस करत जातात. पण हे गणित इथे लागू पडत नाही. दहाही ठिकाणी जाणारी फाइल एकच असते. तोच नमुना, तीच तीन शिफारसपत्रं, तीच गुणपत्रिका. नमुना कच्चा असेल तर दहाही ठिकाणी कच्चाच ठरणार, आणि पक्का असेल तर त्या ३ टक्क्यांचा तुझ्याशी फारसा संबंध उरत नाही. ते ३ टक्के सगळ्या गर्दीचे आहेत. त्या गर्दीत अर्धवट अर्ज असतात, तत्त्वज्ञानाचा एकही पेपर न दिलेली मंडळी असतात, आणि जिथे नंबर लागेल तिथे जाणार नाहीत अशीही असतात.

वर्षावर्षाचाही फरक असतो, आणि सध्याची वर्षं वाईट आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोस्टन विद्यापीठाने तत्त्वज्ञानासह डझनभर विषयांचे पीएच.डी. प्रवेश पुढच्या वर्षापुरते थांबवले. २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाने मानव्यविद्यांच्या अनेक विभागांत प्रवेश थांबवले किंवा कमी केले. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी त्या विभागाच्या संकेतस्थळावर ‘यंदा प्रवेश देणार आहोत का’ एवढं स्वतः वाच. हे काम कन्सल्टंटवर सोडू नकोस.

आता फाइल कशी वाचली जाते ते सांगते. चान्स किती, हा प्रश्न खरं तर तिथे सुटतो.

समितीत तीन ते पाच प्राध्यापक असतात. सेमिस्टर चालू असतं, वर्ग घ्यायचे असतात, आणि जानेवारीत त्यांच्यासमोर अडीचशे फायली येतात. पहिल्या फेरीत कुणीही कुणाचा नमुना पूर्ण वाचत नाही. गुणपत्रिका, शिफारसपत्रं, उद्देशपत्राचं पहिलं पान आणि नमुन्याची पहिली दोन-तीन पानं, एवढ्यावर चाळणी लागते. आमच्याकडे त्यानंतर चाळीस-पन्नास फायली उरत. मग मात्र नमुने पूर्ण वाचले जात आणि बैठकीत त्यांवर खरा वाद होई. त्यातून पंधरा-वीस नावं वर येत. त्यापुढची निवड बरीचशी अर्जदाराच्या हाताबाहेरची असते. गेल्या वर्षी ग्रीक तत्त्वज्ञानाचे दोघे घेतले, तर यंदा नकोत. ज्ञानमीमांसा शिकवणाऱ्या बाई दोन वर्षं रजेवर जाणार, मग त्या विषयाचा विद्यार्थी कुणाच्या हाती द्यायचा? शेवटच्या पंधरातला माणूस अशा कारणाने गळतो आणि त्याला तेच दोन ओळींचं नकारपत्र जातं, जे पहिल्या दिवशी बाजूला पडलेल्याला जातं. म्हणून नकार आला तर त्यातून स्वतःच्या बुद्धीबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नकोस. त्या कागदात तशी माहितीच नसते.

तर तुझ्या हातात काय आहे? सगळ्यात आधी नमुना, आणि नंतर बऱ्याच अंतरावर बाकी सगळं.

बहुतेक विभाग १५ ते २० पानांचा नमुना मागतात, साधारण पाच हजार शब्दांचा. तू पाठवलेलं प्रकरण २२ पानांचं आहे. त्यातली पहिली तेरा पानं पाहणी आहे. न्यायसूत्रकार गौतम काय म्हणतो, त्याचा भाष्यकार वात्स्यायन काय म्हणतो, वैशेषिक काय म्हणतात, बौद्ध काय म्हणतात, मीमांसक काय म्हणतात, मग ह्यूम, मग रीड हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ. शेवटी दोन परंपरांमध्ये साम्य आणि भेद दोन्ही आहेत असा समारोप. आपल्याकडच्या परीक्षेत याला भरपूर गुण मिळतात, कारण आपण ‘सविस्तर चर्चा करा’ आणि ‘टीपा लिहा’ यांवर वाढलेलो असतो. काहीही सुटलं नाही, हे तिथे दाखवायचं असतं. प्रवेश समितीला ते नको असतं. या मुलीला एखादी अडचण स्वतः दिसते का, ती धरून ठेवता येते का, समोरच्याचा सर्वांत जोरदार आक्षेप ती स्वतःहून मांडते का, एवढंच ते शोधत असतात. तुझ्या पहिल्या तीन पानांत यातलं काही नाही. आज हे प्रकरण गेलं तर पहिल्या चाळणीत अडकेल, असं मला स्पष्ट वाटतं.

पण चौदाव्या पानावर एक परिच्छेद आहे. तो वाचून मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

न्यायसूत्र म्हणतं, ‘आप्तोपदेशः शब्दः’. वात्स्यायन भाष्यात सांगतो की आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. यावर तू लिहितेस : ‘म्लेच्छालाही आप्त मानून वात्स्यायनाने आप्तत्व कुळापासून आणि शास्त्राधिकारापासून सोडवलं, पण त्याच वेळी ते ओळखण्याची खूण हिरावून घेतली. मग श्रोत्याने ओळखायचं कसं?’ हे वाक्य तुझं आहे, आणि त्यात अख्खा निबंध दडलेला आहे. वक्ता आप्त आहे हे श्रोत्याला आधी माहीत असावं लागतं, असं म्हटलं तर वैशेषिक आणि बौद्ध जिंकतात, कारण ते शब्दाला वेगळं प्रमाण मानत नाहीत. ‘हा विश्वासू आहे, म्हणून हा म्हणतो ते खरं’ हे अनुमानच झालं, मग शब्द हे वेगळं प्रमाण कशाला मानायचं? माहीत असावं लागत नाही, वक्ता प्रत्यक्षात आप्त असला की पुरे, असं म्हटलं तर ज्याच्या-त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा भोळा माणूस आणि खरोखर जाणणारा माणूस यांच्यात फरक काय उरला? इंग्रजीत साक्षीच्या ज्ञानावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या ज्ञानावर, गेली काही दशकं जो वाद चालू आहे तोही याच जागी अडलेला आहे. तू मात्र त्याच्याकडे एका वेगळ्या दारातून आली आहेस. आप्तत्व सगळ्यांना खुलं केल्याने ही अडचण वाढते, हे तुला दिसलं. मी तरी हे असं मांडलेलं वाचलं नव्हतं.

आणि तू काय केलंस? तो परिच्छेद संपवून मीमांसकांकडे गेलीस.

नवा नमुना तिथून सुरू होऊ दे. पहिल्याच पानावर अडचण मांड, आणि तुझं उत्तर एका वाक्यात लिही. पाहणी दोन पानांत बसव, जेवढी तुझ्या युक्तिवादाला लागते तेवढीच. ह्यूम आणि रीड नुसते हजेरी लावायला आले असतील तर त्यांना जाऊ दे. संस्कृतचं एक अक्षर न येणाऱ्या वाचकालाही प्रत्येक पायरी कळली पाहिजे, कारण समितीतले पाचही जण बहुधा तसेच असतील. तुझ्या उत्तराला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, स्वतः काय हरकत घेईल ते लिही. बौद्ध काय घेईल ते लिही. त्यातली एक हरकत तुला पुरती परतवता आली नाही, तर तसं कबूल कर. त्याने नमुना कमकुवत होत नाही. निष्कर्ष छोटा निघाला म्हणून घाबरू नकोस. ‘वात्स्यायनाला या दोन वाटांपैकी पहिली घेता येत नाही, आणि त्याचं कारण त्याच्याच लक्षणात आहे’ एवढं जरी पाच हजार शब्दांत नीट सिद्ध झालं तरी पुष्कळ झालं.

इंग्रजीची काळजी तू पत्रात दोन ठिकाणी केली आहेस. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ती वाटणारच. पण तुझं इंग्रजी जिथे अडखळतं तिथे तू मोठे शब्द आणि लांब वाक्यं वापरायला गेली आहेस, हे मला दिसलं. चौदाव्या पानावर वाक्यं छोटी आहेत आणि एकही चूक नाही. तसंच लिही. या विषयात साधं, नेमकं इंग्रजी ही लंगडी बाजू मानली जात नाही.

हे सगळं करायला चार-पाच महिने लागतात. या डिसेंबरापर्यंत ते होणार नाही.

शिफारसपत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भारतातून येणाऱ्या बऱ्याच चांगल्या फायली इथे मार खातात. ‘विद्यार्थिनी हुशार, मेहनती, प्रामाणिक व नम्र आहे, तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ अशी अर्ध्या पानाची पत्रं मी ढिगाने वाचली आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात खरंच कौतुक असतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. दुसरी पद्धत त्याहून वाईट. ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तीन पत्रं एकाच हातची असली की ते लगेच ओळखू येतं, आणि मग सगळ्या फाइलवरच संशय बसतो. तुला कुणी असं सांगितलं तर नम्रपणे म्हण, ‘सर, मी मुद्दे लिहून देते, पत्र तुम्हीच लिहा.’ आणि खरंच एक पान मुद्दे दे. कोणत्या तासाला कोणता प्रश्न विचारला होतास, कोणत्या निबंधावर काय चर्चा झाली, प्रबंधिका पहिल्या मसुद्यापासून कशी बदलली. सोबत नवा नमुना दे. त्यांनी दोन गोष्टी लिहाव्यात असं सुचव. इतक्या वर्षांत शिकवलेल्या विद्यार्थ्यांत तू कुठे बसतेस, आणि आपल्या विद्यापीठात ६७ टक्क्यांना काय किंमत आहे. तिकडच्या वाचकाला ६७ हा आकडा नापासाच्या जवळचा वाटू शकतो. आपल्याकडे या विषयात पंचाहत्तरी किती दुर्मीळ आहे हे शिक्षकाने सांगितलं तर ते पटतं. तू स्वतः सांगितलंस तर सबब वाटते.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. ओळखीच्या नावाचं पत्र जास्त वजनदार ठरतं. समितीतल्या कुणीतरी ज्यांचा लेख वाचलेला आहे अशा माणसाने लिहिलं, तर त्या शब्दांवर पटकन विश्वास बसतो. तुझ्या प्रबंधिकेत तू ज्या प्रश्नाशी झगडते आहेस, तोच हा प्रश्न. हा अन्याय आहे आणि मी तो समितीत डोळ्यांनी पाहिला आहे. यावर दोन उपाय आहेत. आपल्याच देशात संस्कृत ग्रंथांवर काम करून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत लिहिणारे प्राध्यापक आहेत. त्यांच्यापैकी एकाला नवा नमुना पाठवून प्रतिक्रिया माग. सगळे उत्तर देणार नाहीत, एखादा देईल. दुसरा उपाय म्हणजे आधी तिकडचं एम.ए., त्याबद्दल पुढे लिहिते.

उरलेल्या कागदांत फार वेळ घालवू नकोस. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा बहुतेक विभागांनी बंद केली आहे. जिथे ‘ऐच्छिक’ लिहिलंय तिथे देऊ नकोस. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा तुला द्यावी लागेल, कारण बी.ए. मराठीत आहे. उद्देशपत्र दोन पानांचं ठेव, लहानपणाने सुरुवात करू नकोस. कोणत्या प्रश्नावर काम केलंस आणि पुढे कोणत्या प्रश्नावर करायचं आहे हे पहिल्या परिच्छेदातच येऊ दे. कन्सल्टंटकडून ते लिहून घेऊ नकोस.

आता तुझी दहांची यादी. ती मला पटली नाही. इंग्रजीभाषक जगातली तत्त्वज्ञान विभागांची जी क्रमवारी तू धरली आहेस, ती प्राध्यापकांच्या नावांच्या याद्या पाहून इतर तत्त्वज्ञांनी दिलेल्या गुणांवर बनते. त्या विभागात सरासरीने किती ताकदीची माणसं आहेत हे ती सांगते. तुझा प्रश्न तिथे कुणाला समजेल का, हे ती सांगत नाही. तुझ्या दहांपैकी बहुतेक ठिकाणी न्यायाचा ग्रंथ मुळातून वाचणारं कुणी नाही. नुसता साक्षीच्या ज्ञानाचा विषय घेऊन तिथे अर्ज करता येईल, पण मग तुझी जी जमेची बाजू आहे तीच झाकली जाईल.

टोरंटो तुझ्या यादीत नाही याचं मला आश्चर्य वाटलं. भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बिमल कृष्ण मतिलाल १९७७ मध्ये ऑक्सफर्डला स्पाल्डिंग प्राध्यापक म्हणून गेले, त्याआधी ते टोरंटोला शिकवत होते. आज तिथे त्यांच्या नावाचं अध्यासन आहे आणि जोनार्डन गनेरी त्यावर आहेत. हवाई विद्यापीठाच्या मानोआ इथल्या विभागात भारतीय आणि चिनी तत्त्वज्ञान पाश्चात्त्य विचारासोबत शिकवण्याची जुनी परंपरा आहे. न्यू मेक्सिकोचा विभाग बघ. आणि तत्त्वज्ञान विभागांच्या बाहेरही बघ. दक्षिण आशियाचा अभ्यास किंवा धर्माभ्यास या नावांच्या विभागांत न्यायावर पीएच.डी. करता येते. खुद्द मतिलाल हार्वर्डला संस्कृतचे प्राध्यापक इंगल्स यांच्याकडे पीएच.डी. करत होते आणि क्वाइनकडे तर्कशास्त्र ऐकत होते. अशा विभागांत अर्जदारांची गर्दीही वेगळी असते. तिथे पहिला प्रश्न मात्र संस्कृतचा येतो.

आणि तू लिहिलं आहेस की ग्रंथ ‘भाषांतरांवरून’ वाचलेत. ही तुझ्या फाइलमधली सगळ्यात मोठी उणीव आहे, ६७ टक्क्यांहून कितीतरी मोठी. पण ती पुण्यात बसून भरून काढता येते. न्यायाचा ग्रंथ शास्त्र्यांसमोर बसून, पंक्ती लावून वाचण्याची सोय पुण्यात अजून आहे. टोरंटोतल्या किंवा टेक्सासमधल्या विद्यार्थ्याला त्यासाठी विमानाने यावं लागतं. तू तिथेच राहतेस. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस जा. निदान वात्स्यायनाचं त्या सूत्रावरचं भाष्य तरी मुळातून, स्वतःच्या हिमतीवर वाचता आलं पाहिजे. नमुन्यातलं भाषांतर तुझं स्वतःचं असलं तर ती फाइल वेगळी दिसते.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे आधी मार्गदर्शक शोधायचा आणि मग प्रवेश, अशी सवय असते. त्यामुळे मुलं अमेरिकेतल्या प्राध्यापकांना लांबलचक मेल पाठवतात. तिथे प्रवेश समिती देते, मार्गदर्शक दोन वर्षांच्या कोर्सवर्कनंतर ठरतो. मेलचा उपयोग नाही, अपायही नाही. इंग्लंड आणि जर्मनीत उलट आहे. तिथे आधी मार्गदर्शकाशी बोलावं लागतं आणि संशोधनाचा आराखडाही लागतो.

तिकडच्या एम.ए.बद्दल. अमेरिकेत फक्त एम.ए. देणारे काही विभाग आहेत आणि त्यांचं कामच विद्यार्थ्यांना पीएच.डी.च्या प्रवेशासाठी तयार करणं हे आहे. नॉर्दर्न इलिनॉय, जॉर्जिया स्टेट, विस्कॉन्सिन-मिलवॉकी अशा ठिकाणी सहायकपद आणि फी माफी मिळू शकते. टफ्ट्सचं नाव मोठं आहे, पण खर्चाचा हिशेब नीट विचारून घे. तुझ्यासारखीला हा रस्ता खरोखर उपयोगी आहे. दोन वर्षांत नमुना तिकडच्या शिक्षकांच्या हाताखाली तयार होतो आणि पत्रं लिहिणारी माणसं समितीच्या ओळखीची असतात. ऑक्सफर्डचं बी.फिल. हे नावाने पदवी वाटली तरी दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण आहे, आणि उत्तम आहे. पण इंग्लंडमध्ये प्रवेश मिळणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या लढाया आहेत. अमेरिकेत पीएच.डी.चं प्रवेशपत्र बहुधा फी माफी आणि पाच वर्षांचं विद्यावेतन घेऊनच येतं. इंग्लंडमधून नुसतं प्रवेशपत्र येतं, आणि शिष्यवृत्ती नाही मिळाली तर ते कपाटात ठेवावं लागतं. तत्त्वज्ञानाच्या एम.ए.साठी शैक्षणिक कर्ज काढू नकोस. कुठल्याही विद्यापीठासाठी काढू नकोस. या विषयातून ते फिटण्याची खात्री मला देता येत नाही, आणि फिटेपर्यंत तू विषयात राहशील याची तर मुळीच नाही.

इकडचं काय? जेआरएफ हुकलं ते असं लिहिलंयस जणू तो अध्याय संपला. परीक्षा वर्षातून दोनदा असते, वयाची अट ३० आहे, महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे, आणि तू २४ ची आहेस. जेआरएफ मिळालं तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. नाही मिळालं तरी २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरतात. ७० टक्के वजन नेटला, ३० टक्के मुलाखतीला. आणि इथे एक गोष्ट अमेरिकेपेक्षा खूप बरी आहे. तुझे चान्स इथे चौकशी करून कळतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. म्हणजे तुझ्या विषयाच्या मार्गदर्शकाकडे येत्या वर्षी जागा रिकामी होते की नाही, हा प्रश्न विभागात जाऊन विचारता येतो. पुण्यात विचार, मुंबई आयआयटीत विचार, हैदराबादला विचार, जेएनयूला विचार. न्यायासाठी जादवपूरचं नाव मी सगळ्यांत वर ठेवेन. नव्यन्यायाची, म्हणजे न्यायदर्शनाच्या नंतरच्या शाखेची, परंपरा बंगालमध्ये अजून वाचती-बोलती आहे. यातली कुठलीही जागा ‘अमेरिका नाही जमलं म्हणून’ घेण्याची नाही. तुझ्या प्रश्नाला लागणारे ग्रंथ आणि माणसं यांपैकी बरीचशी इकडेच आहेत.

पुढच्या नोकरीबद्दल दोन वाक्यं. नामांकित विभागातून पीएच.डी. केलेल्यांनाही कायमची जागा मिळेलच असं नाही. अमेरिकेतले विभाग आपले विद्यार्थी कुठे लागले याची यादी संकेतस्थळावर ठेवतात. ती वाच, आणि ज्या वर्षांत नावं कमी दिसतात तिथे थांबून विचार कर. महाराष्ट्रातली परिस्थिती तू रोज बघतेस. नेट-पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत शिकवत आहेत. म्हणून ही पाच-सहा वर्षं त्यांतल्या कामासाठीच हवीशी वाटली पाहिजेत. चौदाव्या पानावरून मला वाटतं की तुला ती तशी वाटतात. पण ते तू ठरव.

तू आकडा मागितला होतास. या डिसेंबरात, या यादीवर, या नमुन्यावर तुझे चान्स शून्याच्या जवळ आहेत. पुढच्या डिसेंबरात नवा नमुना, संस्कृतचं एक वर्ष, नीट लिहिलेली पत्रं आणि विचार करून केलेली यादी असेल, तर पीएच.डी.च्या दोन-तीन ठिकाणी तू पहिल्या चाळणीतून वर येशील असं मला वाटतं, आणि निधी देणाऱ्या एम.ए.ला नंबर लागण्याची आशा मी खरोखर धरेन. याहून नेमकं मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

बाबांशी बोलताना हेच सांग. यंदा पैसे मागू नकोस. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. दहा अर्ज आणि भाषेची परीक्षा धरली तर लाखभर रुपये होतात, आणि ते आज वाया जातील. पुढच्या वर्षी आठ अर्ज कर, तीन किंवा चार पीएच.डी.चे आणि बाकीचे एम.ए.चे, म्हणजे खर्चही खाली येईल. मधल्या काळात जून आणि डिसेंबरची नेट दे. ते पैसे मिळाले तर घरातला प्रश्न बराचसा सुटेल आणि बाबांच्या निवृत्तीकडे बघून निर्णय घ्यावा लागणार नाही. प्रवेशपत्रं आली तर बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते. त्याआधी कुणी घाई केली तर दबून जाऊ नकोस. प्रतीक्षा यादीत नाव असलं तर शेवटच्या आठवड्यापर्यंत धीर धर, कारण जागा तेव्हाच हलतात. काही विभाग आर्थिक कारणाने अर्जाची फी माफ करतात, पण त्यासाठी मुदतीच्या बरंच आधी विभागाच्या कार्यालयाला मेल करावी लागते आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती सवलत सगळीकडे नसते. ऑक्टोबरमध्ये यादी पक्की झाली की पहिलं काम ते कर.